केनियाला पक्षी आणि प्राणी बघायला निघताय? बुकिंगआधी हे वाचा

केनियाची चौकशी करायला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, बिग फाइव्ह दिसतील ना? मसाई मारा अभयारण्यात सिंह, हत्ती, रानम्हशी दिसायचा चान्स भरपूर असतो, बिबट्या आणि गेंड्याला नशीब लागतं. गॅरंटी आम्ही देत नाही, दुसरं कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण नुसतं सिंहामागे गाडी पळवत राहिलात तर निम्मा केनिया बघायचा राहून जातो असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण या देशात पक्ष्यांच्या १,१०० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी अगदी रस्त्याच्या कडेला, गाडीतून बसल्या बसल्या दिसतात.

आपल्याकडे माळढोक बघायचा म्हणून लोक सोलापूरजवळच्या नान्नजला वर्षानुवर्षं खेटे घालायचे, आता तर तो तिथे जवळपास दिसेनासाच झालाय. त्याचाच आफ्रिकेतला भाऊबंद म्हणजे कोरी बस्टर्ड, जगातल्या सगळ्यात वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. मारातल्या गवतात तो आरामात चालताना दिसतो, नर गळा फुगवून शेपटी पाठीवर आणतो तेव्हा लांबून पांढरा गोळाच वाटतो. सेक्रेटरी बर्ड पण याच गवतात, लांब पायांनी फिरत असतो आणि साप सापडला की लाथा घालून मारतो. अशा वेळी ड्रायव्हरला थांबा म्हणायला लाजू नका. आपले ड्रायव्हर-गाइड पक्षी उत्तम ओळखतात, पण पाहुण्यांना फक्त सिंह हवाय असं वाटलं तर बिचारे थांबत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी सांगून टाका की आम्हाला पक्षीही बघायचेत.

आणि पक्ष्यांकडे लक्ष ठेवलं की प्राणीही जास्त दिसतात, हे आम्ही मनापासून सांगतोय. ऊन तापून हवा वर चढायला लागली की गिधाडं आकाशात जातात. एकाच दिशेने पंख आवळून खाली उतरताना दिसली तर तिकडे शिकार पडलेली असणार. झाडावर रांगेने बसून राहिलीत आणि खाली उतरत नाहीत, तर बहुधा सिंह अजून तिथेच आहेत. एकदा का खाली उतरली की मग अर्धा तास गाडी हलवू नका. मोठ्या डोक्याचं लॅपेट-फेस्ड गिधाड येऊन जाड कातडी फाडतं, पांढऱ्या पाठीची गिधाडं मान आत घालून भांडत खातात, बारीक चोचीचं हुडेड गिधाड कडेला उभं राहून उरलंसुरलं टिपतं, आणि माराबू करकोचा मधेच घुसून दुसऱ्याचा तुकडा पळवतो. आपल्याकडची गिधाडं गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गेली, तिकडे गुरं मारणाऱ्या सिंह-तरसांसाठी मढ्यात विष घालतात त्याने मरतायत, तेव्हा आज जे दिसतंय ते नीट बघून घ्या.

कधी जायचं? विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या प्राण्यांच्या कळपांचं स्थलांतर, म्हणजे मायग्रेशन, मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर, गर्दी आणि रेट दोन्ही तेव्हाच जास्त. पक्ष्यांसाठी मात्र आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुचवतो, युरोप-आशियातले पाहुणे पक्षी तेव्हा तिकडे असतात. लोणावळ्याच्या आसपास नोव्हेंबरात जे आमूर ससाणे दिसतात ना, ते अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेतच जातात. एप्रिल-मेमधे पाऊस जोरात असतो, चिखलात गाड्या अडकतात, तेव्हा आम्ही ग्रुप नेत नाही.

पाच दिवसांत पाच पार्क असले पॅकेज आम्ही करत नाही, अर्धा वेळ रस्त्यातच जातो. मारात किमान तीन रात्री आणि नैवाशाला दोन, एवढं केलंत तरी पुष्कळ. नैवाशा गोड्या पाण्याचं तळं आहे, सकाळी बोटीने गेलं की फिश ईगल, खंड्या, पाणघोडे सगळं जवळून. नाकुरू तळ्यावर फ्लेमिंगोंचा गुलाबी किनारा बघायच्या आशेने मात्र जाऊ नका, पाण्याची पातळी वाढल्यापासून पूर्वीसारखे थवे तिथे नसतात, ते बघायचे तर बोगोरिया तळं चांगलं. नाकुरू गेंड्यांसाठी ठेवा.

दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी, नवराबायकोत एक अजिबात नको. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या, हलत्या गाडीत १०× (दहापट) ने हात थरथरला की चित्रही हलतं. कॅमेरा टेकवायला बीनबॅगचं रिकामं कव्हर न्या आणि नैरोबीत तांदूळ घेऊन भरा. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. मारा पंधराशे मीटरवर आहे, पहाटे उघड्या छताच्या गाडीत चांगलीच थंडी वाजते, स्वेटर आणि कानटोपी घ्याच. गडद निळे-काळे कपडे टाळा, त्से-त्से नावाच्या चावऱ्या माशा त्या रंगांवर येतात. दुपारचा डबा उघड्यावर खाताना वर घारीकडे लक्ष ठेवा, हातातलं सँडविच क्षणात जातं.

पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवायचे नाहीत, प्राण्याला हाका मारायच्या नाहीत, रस्ता सोडून गाडी घ्या म्हणून ड्रायव्हरला गळ घालायची नाही. एका प्राण्याभोवती आधीच पाच गाड्या असतील तर आपण थोडं लांब थांबतो आणि आपला नंबर आला की जातो, हा नियम आहे आणि आमच्या गाडीत तो पाळला जातो.

कागदपत्रांचं. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना भारतात सहा दिवस क्वारंटाइन होऊ शकतं. केनियासाठी आता ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, काढावा लागतो, तो आम्ही भरून देतो. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिकडे २०१७ पासून बंदी आहे आणि पार्कात एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, स्टीलची बाटली आणा, कपडे कापडी पिशवीत भरा. मलेरियाच्या गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारा. जैन किंवा उपासाचं जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, कॅम्पवर ऐनवेळी काही होत नाही.