३४५ युरोंचा परवाना

२०१८ साली कुणाला युरोपात कायदेशीर क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या खरेदी-विक्रीचं ठिकाण, काढायचं असलं, की सल्लागार मंडळी हमखास एस्टोनियाचं नाव घेत. बाल्टिक समुद्राकाठचा हा देश, वस्ती जेमतेम तेरा लाख. सरकारी शुल्क ३४५ युरो, कंपनीचं भागभांडवल २,५०० युरो आणि कामकाजाच्या तीस दिवसांत निकाल. पाच वर्षांनी, मे २०२३ मध्ये, तिथे चालू परवाने उरले होते शंभर. मधल्या काळात दोन हजारांहून जास्त परवाने वाटले गेले आणि परत घेतले गेले. ‘छोट्या देशात नियम सोपे असतात’ हे वाक्य क्रिप्टोच्या धंद्यात अजूनही सर्रास ऐकू येतं, म्हणून हा प्रवास सविस्तर पाहायला हवा.

सुरुवात क्रिप्टोपासून झालेली नाही. सोव्हिएत राजवटीतून सुटलेल्या या देशाने नव्वदीच्या दशकापासून सरकारी कारभार संगणकावर नेला. डिजिटल ओळखपत्र, ऑनलाइन मतदान, घरबसल्या कंपनीनोंदणी हे सगळं तिथे इतरांच्या खूप आधी आलं. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच पायावर ‘ई-रेसिडेन्सी’ सुरू झाली. परदेशी माणसाने अर्ज करायचा, चौकशी झाली की दूतावासातून कार्ड घ्यायचं आणि जगात कुठेही बसून एस्टोनियन कंपनी चालवायची. या कार्डाने नागरिकत्व मिळत नाही, व्हिसा मिळत नाही, करनिवासही बदलत नाही. पण जाहिराती करणाऱ्यांनी ही बारीक अक्षरं कधी मोठी करून दाखवली नाहीत, आणि पुढच्या गोंधळाचं एक मूळ तिथे आहे.

बिटकॉइनबद्दल सरकार मात्र सुरुवातीला मुळीच उदार नव्हतं. बीटीसी डॉट ईई नावाची एक छोटी साइट तिथे राहणारा एक डच नागरिक चालवत होता. २०१४ मध्ये पोलिसांच्या मनी लाँडरिंगविरोधी विभागाने त्याच्याकडे ग्राहकांची माहिती मागितली. तो कोर्टात गेला. एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बिटकॉइनची खरेदी-विक्री करणाऱ्यालाही मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे महिन्याला हजार युरोंपेक्षा जास्त व्यवहार करणाऱ्या ग्राहकाला समोरासमोर भेटून ओळख पटवायची होती. म्हणजे घरबसल्या कंपनी काढू देणाऱ्या देशात बिटकॉइन विकायला गिऱ्हाईक प्रत्यक्ष समोर उभं असायला हवं! हा धंदा अशा अटीवर चालणं शक्यच नव्हतं.

ही अडचण नव्या कायद्याने सोडवली. २७ नोव्हेंबर २०१७ रोजी सुधारित मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि त्यात दोन परवाने आले. पहिला आभासी आणि खऱ्या चलनाच्या अदलाबदलीच्या सेवेचा, दुसरा ग्राहकांची वॉलेट, म्हणजे आभासी चलनाच्या डिजिटल तिजोऱ्या, सांभाळण्याचा. दूरस्थ पद्धतीने ओळख पटवायचा मार्गही मोकळा झाला. युरोपीय संघाने क्रिप्टोला मनी लाँडरिंगच्या नियमांत आणणारा पाचवा निर्देश काढला २०१८ मध्ये, आणि सदस्य देशांना त्याच्या अंमलबजावणीसाठी मुदत होती जानेवारी २०२० पर्यंत. एस्टोनिया दोन वर्षं पुढे होता. या पुढे असण्याचं तेव्हा भरपूर कौतुक झालं.

हा परवाना बँका आणि विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी वित्तीय पर्यवेक्षण संस्था देत नव्हती. तो देत होती पोलीस आणि सीमासुरक्षा खात्यातली एफआययू, म्हणजे संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणारी शाखा. तिचा प्रश्न एवढाच, की मालकावर गुन्हा आहे का, ग्राहकाची ओळख पटवायचे नियम लिहिलेले आहेत का, संपर्कासाठी जबाबदार माणूस नेमला आहे का. ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवले जातात का, वॉलेटच्या किल्ल्या कुणाकडे असतात, कंपनी बुडाली तर देणी कशातून फेडणार, हे विचारायचं काम तिचं नव्हतंच. आपल्याकडच्या गुमास्ता लायसन्सवर ‘सरकारमान्य सोन्याची पेढी’ अशी पाटी लावावी, तसा तो परवाना जगभर मिरवला गेला. वेबसाइटच्या तळाशी ‘युरोपीय संघात परवानाप्राप्त’ असं छापलं की ब्राझीलमधला किंवा व्हिएतनाममधला ग्राहक निर्धास्त व्हायचा. मला यात एस्टोनियाची लबाडी दिसत नाही. दिसतो तो उत्साह आणि थोडा भाबडेपणा.

त्या उत्साहाची एक झलक याच सुमारास दिसली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये ई-रेसिडेन्सीच्या प्रमुखांनी ‘एस्टकॉइन’ नावाच्या देशी टोकनची, म्हणजे डिजिटल नाण्याची, कल्पना मांडली. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वापरणाऱ्या कुठल्याही देशाला स्वतःचं चलन काढता येणार नाही असं सुनावलं.

परवाने मात्र धडाधड सुटत गेले. त्याभोवती एक जोडधंदाही उभा राहिला. राजधानी टालिनमधली कार्यालयं परवान्यासकट तयार कंपन्या विकू लागली. एकाच पत्त्यावर डझनावारी कंपन्या, संपर्काचा माणूस भाड्याचा, संचालक दुसऱ्या खंडात. कायदा मोडला जात होता असं म्हणता येत नाही, कारण कार्यालय एस्टोनियात असायलाच हवं असं कायदा तेव्हा म्हणतच नव्हता.

धक्का आला तो क्रिप्टोबाहेरून. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या टालिन शाखेतून २००७ ते २०१५ या काळात अनिवासी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले, आणि त्यातला बराच पैसा संशयास्पद होता, असं बँकेच्याच चौकशी अहवालात सप्टेंबर २०१८ मध्ये उघड झालं. एस्टोनियाची तेव्हाची वर्षभराची अर्थव्यवस्था पंचवीस-सव्वीस अब्ज युरोंची होती. डान्स्केच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये एस्टोनियाच्या पर्यवेक्षकांनी शाखाच बंद करायचा आदेश दिला. पाठोपाठ स्वीडनच्या स्वेडबँकेच्या बाल्टिक व्यवहारांची चौकशी लागली. ‘रशियन काळा पैसा धुण्याचं ठिकाण’ अशी देशाची बदनामी सुरू झाल्यावर सरकारने आपल्या अंगणात आणखी काय काय चालतं ते पाहिलं, आणि तेव्हा हे शेकडो क्रिप्टो परवाने नजरेत आले.

१० मार्च २०२० पासून नियम आवळले. शुल्क ३४५ वरून ३,३०० युरो, भागभांडवल १२,००० युरो आणि तेही प्रत्यक्ष भरलेलं. दोन परवाने एकत्र झाले. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय, संचालक मंडळ आणि कामाचं ठिकाण एस्टोनियात हवं, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या बँकेत किंवा पेमेंट संस्थेत खातं हवं. जुन्या परवानाधारकांना १ जुलै २०२० पर्यंतची मुदत मिळाली.

बँक खात्याची ही अट कागदावर साधी दिसते, पण एक्स्चेंजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. ग्राहक युरो पाठवतो ते एक्स्चेंजच्या आयबॅनवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकावर. ते पैसे कुणाचे, कुठून आले, हे एक्स्चेंजने तपासायचं. आणि एक्स्चेंजने नीट तपासलं की नाही, हे बँकेने तपासायचं. एका चुकीच्या ग्राहकामुळे अमेरिकी बँकेने डॉलरचे व्यवहार थांबवले तर छोट्या देशातली आख्खी बँक अडचणीत येते. लॅटव्हियाची एबीएलव्ही बँक फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकी कारवाईच्या नुसत्या प्रस्तावानंतर काही दिवसांत कोसळली होती. हे बाल्टिक बँकांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. त्यामुळे डान्स्केनंतर टालिनमधल्या बहुतेक बँका क्रिप्टो कंपनीचं नाव ऐकताच हात जोडत. एलएचव्हीसारखी फिनटेक कंपन्यांना सेवा देणारी बँक अपवाद, पण तिच्याही दारात चाळणी बारीक. सरकारी परवाना हातात आणि बँक खातं नाही, अशा कंपन्यांना एक्स्चेंज म्हणून काहीच करता येत नव्हतं. खरा परवाना बँकेकडे होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

२०२० संपताना रद्द झालेले परवाने दोन हजारांच्या घरात गेले होते आणि चारशेच्या आसपास शिल्लक होते.

१ जानेवारी २०२१ पासून एफआययू पोलीस खात्यातून निघून अर्थ मंत्रालयाखाली स्वतंत्र संस्था झाली. तिचे प्रमुख मातिस मेकर यांनी त्याच वर्षी एका मुलाखतीत सगळे परवाने शून्यावर आणून नव्याने सुरुवात करायला हवी, अशी भूमिका मांडली. या कंपन्या देशाला ना नोकऱ्या देतात ना लक्षणीय कर, जोखीम मात्र सगळी देशाच्या गळ्यात, असा त्यांचा मुद्दा होता. शून्यावर आणलं नाही, पण १५ मार्च २०२२ च्या दुरुस्तीने जवळजवळ तेच साधलं. भागभांडवल सेवेप्रमाणे १,००,००० किंवा २,५०,००० युरो. अर्जाचं शुल्क १०,००० युरो. लेखापरीक्षण सक्तीचं. प्रत्येक हस्तांतरणासोबत पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती जायला हवी, हा मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्था एफएटीएफने २०१९ मध्ये जागतिक पातळीवर घातलेला ‘ट्रॅव्हल रूल’ही आला. सारं जुळवायची मुदत होती १५ जूनपर्यंत, म्हणजे तीन महिने.

त्यानंतरच्या वर्षात सुमारे दोनशे कंपन्यांनी आपणहून परवाना परत केला आणि जवळपास तितक्याच कंपन्यांचा रद्द झाला. मे २०२३ मध्ये एफआययूने हिशेब मांडला तेव्हा अर्जांमध्ये काय काय सापडलं तेही सांगितलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे व्यवसाय आराखडे एकमेकांवरून जसेच्या तसे उतरवलेले. संचालकांचा अनुभव खोटा. काही माणसांना तर आपण एखाद्या कंपनीचे संचालक किंवा संपर्क अधिकारी आहोत याचा पत्ताही नव्हता. ‘कम्प्लायन्स’, म्हणजे नियमपालन, हा शब्द क्रिप्टोच्या परिषदांमध्ये फार गंभीरपणे उच्चारला जातो. प्रत्यक्षात तो कित्येकदा या पातळीवरचा होता.

या सगळ्यातलं सर्वात बदनाम नाव गॅरंटेक्स. २०१९ च्या अखेरीस हे एक्स्चेंज एस्टोनियात नोंदवलं गेलं, पण कामकाज मुख्यतः मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गमधून चाले. मॉस्कोच्या फेडरेशन टॉवरमधून सुद्धा. फेब्रुवारी २०२२ मध्ये एस्टोनियाने तपासणीनंतर त्याचा परवाना काढून घेतला. ५ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने त्यावर निर्बंध लादले. गुन्हेगार आणि डार्कनेट या इंटरनेटच्या छुप्या भागातल्या बाजारांशी निगडित दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त व्यवहार तिथून गेल्याचं त्या खात्याचं म्हणणं होतं. तरी ते चालूच राहिलं. मार्च २०२५ मध्ये अमेरिका, जर्मनी आणि फिनलंडच्या यंत्रणांनी मिळून त्याचे सर्व्हर आणि वेबपत्ते ताब्यात घेतले, आणि त्याच आठवड्याच्या आसपास त्याचा कारभार सांभाळल्याचा आरोप असलेला एक लिथुआनियन नागरिक पकडला गेला तो आपल्या केरळात, वर्कलाच्या किनाऱ्यावर सुट्टीत असताना. परवाना टालिनचा, कार्यालय मॉस्कोत, अटक वर्कलात. परवाना देणाऱ्या छोट्या देशाच्या हातात यातलं किती होतं, हे वेगळं सांगायला नको.

एस्टोनियाने दार लावलं तेव्हा बरीच मंडळी शेजारच्या लिथुआनियात गेली. तिथेही शेकडो नोंदण्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनाही भांडवलाची अट १,२५,००० युरोंवर न्यावी लागली.

माल्टाने उलट टोकाचा मार्ग धरला होता. ‘ब्लॉकचेन आयलंड’ म्हणवून घेत या बेटाने २०१८ मध्ये एकदम तीन कायदे केले आणि देखरेख पहिल्यापासून वित्तीय नियामकाकडेच दिली. बायनान्स या बड्या एक्स्चेंजने त्याच वर्षी तिथे जाण्याची घोषणा केली, पंतप्रधानांनी जाहीर स्वागत केलं. फेब्रुवारी २०२० मध्ये माल्टाच्या नियामकाला निवेदन काढावं लागलं, की बायनान्सला आम्ही कसलाही परवाना दिलेला नाही. कडक कायद्याखाली तात्पुरती सवलत घेतलेल्या अनेक कंपन्यांनी पूर्ण अर्जच केला नाही. एस्टोनियात परवाने जास्त आणि देखरेख कमी, तर माल्टात देखरेखीची तयारी मोठी पण घ्यायला कुणी येईना. माझ्या मते माल्टाचा क्रम बरोबर होता, घोषणा मात्र वाजवीपेक्षा मोठ्या.

आता दोन्ही देश एकाच चौकटीत आहेत. युरोपीय संघाचा ‘मिका’ हा क्रिप्टोमालमत्ता बाजार नियम जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एक्स्चेंजना ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. किमान भांडवल ग्राहकांची मालमत्ता सांभाळणं आणि अदलाबदल यासाठी १,२५,००० युरो, खरेदीदार-विक्रेत्यांच्या ऑर्डर जुळवणाऱ्या बाजारपेठेसाठी १,५०,०००. किंवा आदल्या वर्षीच्या ठरावीक खर्चाचा चौथा हिस्सा, यातलं जे जास्त असेल ते. निदान एक संचालक युरोपीय संघात राहणारा हवा. ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवणं बंधनकारक. एस्टोनियाने २०२४ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि परवान्याचं काम अखेर एफआययूकडून वित्तीय पर्यवेक्षण संस्थेकडे दिलं. जुने परवाने १ जुलै २०२६ पर्यंतच चालतील, असं त्यात ठरलं.

मिकाचा परवाना एका देशात मिळाला की उरलेल्या सदस्य देशांतही धंदा करता येतो. नियम सगळीकडे सारखे झाल्यावर स्वस्त शुल्काला अर्थ उरला नाही, पण अर्ज तपासणारा किती कसून तपासतो हा फरक राहिलाच. जानेवारी २०२५ मध्ये ओकेएक्स आणि क्रिप्टो डॉट कॉम या बड्या एक्स्चेंजना मिकाचे परवाने मिळाले, ते माल्टातून. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या रोखेबाजार प्राधिकरणाने माल्टाच्या परवाना प्रक्रियेचा आढावा घेतला आणि नियामकाकडे माणसं व जाणकारी असूनही एका कंपनीचा अर्ज पुरेसा खोलात जाऊन तपासला नाही, असा शेरा मारला. सप्टेंबरमध्ये फ्रान्स, इटली आणि ऑस्ट्रियाच्या नियामकांनी एकत्र मागणी केली, की मोठ्या क्रिप्टो कंपन्यांवरची देखरेख थेट या युरोपीय प्राधिकरणाकडे द्यावी. फ्रान्सने तर दुसऱ्या देशातून मिळालेला परवाना आपल्या हद्दीत अडवण्याचा पर्यायही बोलून दाखवला. माल्टाने या केंद्रीकरणाला विरोध केला.