ऑप-अ‍ॅम्प: आकृती तीच, प्लस-मायनस उलटे

दोन आकृत्या. दोन्हींत ७४१ हा ऑप-अ‍ॅम्प (प्लस आणि मायनस पिनांतला फरक प्रचंड वाढवून आउटपुटला देणारी चिप), सप्लाय ±१२ व्होल्ट, इनपुटकडून १० किलोओहम आणि आउटपुटवरून परत आलेला १०० किलोओहम. पहिलीत हे दोन्ही रोधक मायनस पिनवर (२ नंबर) भेटतात आणि प्लस पिन (३ नंबर) ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला असते. दुसरीत नेमकं उलटं. इनपुट ०.५ व्होल्ट दिलं की आमच्याकडची पॉलिटेक्निकची पोट्टी दोन्हींखाली एकच आकडा लिहून मोकळी होतात: "सर, मायनस पाचच येते नं!"

पहिलीत येते. आउटपुट जरा वर गेलं की मायनस पिन वर जाते आणि आउटपुटला खाली आणते. ७४१चा स्वतःचा गेन (फरक किती पट वाढवतो ते) दोन लाखांच्या घरात, त्यामुळे ५ व्होल्ट आउटपुटला दोन पिनांत फरक उरतो फक्त २५ मायक्रोव्होल्ट. तो शून्यच धरायचा. मग १० किलोओहममधून ०.०५ मिलिअँपिअर येतो, पिनेत जवळपास काही शिरत नाही, म्हणून तोच करंट १०० किलोओहममधून पुढे जातो. तिथे ५ व्होल्ट पडतात. उत्तर −५.

दुसरीत दोन पिना सारख्या धरल्या तर कागदावर तेच −५ निघतं, आणि घोळ इथेच आहे. आउटपुट −५ वरून केसभर खाली सरकलं तर प्लस पिनही खाली जाते आणि आउटपुटला आणखी खाली ढकलते. ते थांबतं थेट सॅच्युरेशनला, म्हणजे सप्लायच्या जवळ, जिथून पुढे आउटपुट जाऊच शकत नाही. सोयीसाठी ते ±१० धरू. आउटपुट −१० असेल तर प्लस पिनवर (०.५×१०० − १०×१०)/११० = −०.४५ व्होल्ट, म्हणजे आउटपुट −१० वरच टिकतं. +१० असेल तर +१.३६, तेही टिकतं. म्हणजे ०.५ व्होल्टला उत्तरं दोन, आणि कोणतं खरं ते आउटपुट आधी कुठे होतं यावर. इनपुट +१ च्या वर गेल्याशिवाय ते +१० होत नाही, −१ च्या खाली गेल्याशिवाय −१० होत नाही. हाच श्मिट ट्रिगर. अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांना तो १९३४ साली सुचला, तोही माखलीसारख्या समुद्री जिवाच्या नसांचा अभ्यास करताना!

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत मातीची ओल पाहून मोटर चालू करायची तर ही दुसरीच आकृती कामाची. साधा कंपॅरेटर (एकाच पातळीवर आउटपुट इकडून तिकडे पलटवणारा) लावला तर ओल काठावर आली की सिग्नल थरथरतो, रिले कटकट वाजत राहतो आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळतात.

पहिलीवरही डोळे झाकून विसंबू नका. १.५ व्होल्ट दिलं तर सूत्र −१५ सांगेल. सप्लायच −१२ चा, तर आउटपुट −१० च्या आसपास अडकतं, आणि मायनस पिन शून्यावर न राहता ०.४५ व्होल्टवर जाते.