न्यायाधीशाचे हात बांधणारी कलमे : शस्त्र कायद्यातील सक्तीच्या शिक्षेची पार्श्वभूमी

१९८८ साली संसदेने शस्त्र अधिनियमात २७ (३) हे पोटकलम घातले. प्रतिबंधित शस्त्र वापरल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला, तर शिक्षा एकच : फाशी. जन्मठेपेचा पर्याय नाही, आरोपीची परिस्थिती पाहण्याची मुभा नाही. पंजाब तेव्हा पेटलेला होता, सीमेपलीकडून एके-४७ येत होत्या, रोज माणसे मारली जात होती. त्या काळातली भीती खरी होती. पण त्या भीतीपोटी कायद्यात जे उतरले ते भयंकर होते, आणि ते तेवीस वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले.

त्याची भाषा बारकाईने वाचायला हवी. भारतीय दंड संहितेच्या ३०२ कलमाखाली थंड डोक्याने, ठरवून खून केलेल्या माणसालाही फाशी किंवा जन्मठेप, अशी निवड न्यायाधीशापुढे असे. २७ (३) मध्ये ठार मारण्याचा हेतू असण्याचीही अट नव्हती. वापर झाला, त्यातून मृत्यू झाला, एवढे पुरे. प्रतिबंधित शस्त्राची व्याख्याही ऐसपैस. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशी बंदूक तिच्यात येते, आणि विषारी वायू किंवा द्रव सोडण्यासाठी बनवलेले हत्यारही येते. म्हणजे हातून चुकून गोळी सुटलेल्याला फक्त फाशी आणि ठरवून सुरा चालवणाऱ्याला मात्र जन्मठेपेची शक्यता, असा उफराटा हिशेब कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता.

हे कलम आले तेव्हा धोक्याचा इशारा आधीच मिळालेला होता. दंड संहितेत १८६० पासून कलम ३०३ होते : जन्मठेप भोगत असलेल्याने खून केला तर फाशीच. तुरुंगातल्या अधिकाऱ्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी इंग्रजांनी ते घातले. ७ एप्रिल १९८३ रोजी ‘मिठू विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्दबातल ठरवले. मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे. जीवन-मरणाच्या प्रश्नात गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहण्याचा अधिकारच न्यायालयाकडून काढून घेणारी तरतूद अन्यायकारक ठरते, हे त्यात स्पष्ट झाले. शिवाय तेव्हा लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकावे लागे, आणि फाशी द्यायची तर खास कारणे लिहावी लागत. शिक्षा कायद्यानेच ठरवून टाकली असेल तर ऐकायचे काय आणि लिहायचे काय?

तरीही पाच वर्षांत संसदेने तीच चूक शस्त्र कायद्यात केली, आणि लगेच १९८९ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यातही : ठरावीक प्रमाणापलीकडच्या दुसऱ्या गुन्ह्याला सक्तीची फाशी. ही सक्ती मोडली ती मुंबई उच्च न्यायालयाने, जून २०११ मध्ये. न्या. खानविलकर आणि न्या. भंगाळे यांच्या खंडपीठाने ‘फाशी दिलीच पाहिजे’ याचा अर्थ ‘देता येईल’ असा लावला. २०१४ मध्ये संसदेने कायद्याचा मजकूरही बदलला.

शस्त्र कायद्याची पाळी १ फेब्रुवारी २०१२ ला आली. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका शिपायावर १९९३ मध्ये वरिष्ठांवर गोळ्या झाडल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले, पंजाब सरकार अपिलात गेले. न्या. अशोक कुमार गांगुली आणि न्या. जगदीश सिंग खेहर यांनी सुटका कायम ठेवली, आणि त्याच निकालात २७ (३) घटनेच्या अनुच्छेद १४ (समानता) व २१ (जीविताचा हक्क) यांविरुद्ध म्हणून रद्द केले.

फाशीची ही गोष्ट निदान शेवटाला तरी गेली. किमान शिक्षेची गेलेली नाही, आणि मला अधिक काळजी तिची वाटते. न्यायाधीशाकडून काढून घेतलेला अधिकार हवेत विरत नाही. कोणते कलम लावायचे हे ठरवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या आणि सरकारी पक्षाच्या हातात तो जातो. तिथे ना खुली सुनावणी, ना लेखी कारणे.

मुंबईने हे ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्यात पाहिले. त्या कायद्याच्या कलम ५ नुसार अधिसूचित क्षेत्रात ठरावीक शस्त्र विनापरवाना सापडले की किमान पाच वर्षे आणि कमाल जन्मठेप. शस्त्र दहशतवादासाठीच होते असे गृहीतच. संजय दत्तच्या प्रकरणात १९९४ मध्ये घटनापीठाने सांगितले, की हे गृहीतक खोडून काढण्याची संधी आरोपीला मिळालीच पाहिजे, आणि ताबाही जाणीवपूर्वक असला पाहिजे. पुढे २००७ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या कटाच्या आरोपातून मुक्त करून शस्त्र कायद्याखाली सहा वर्षांची शिक्षा दिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाचवर आणली. त्याच्याकडे नामवंत वकिलांची फौज होती. ‘टाडा’खाली देशभर पकडलेल्या हजारो अनाम माणसांपैकी कितीजणांना ही संधी कुणी समजावून सांगितली असेल?

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा आणखी वाढवल्या. प्रतिबंधित शस्त्रासाठी पाच ते दहा वर्षांऐवजी सात ते चौदा. साध्या विनापरवाना बंदुकीसाठी किंवा काडतुसासाठी किमान एका वर्षाऐवजी दोन. दोनपेक्षा कमी शिक्षा द्यायची तर न्यायाधीशाला ‘पुरेशी आणि खास कारणे’ निकालपत्रात नोंदवावी लागतात. गावठी कट्टे बनवून विकणाऱ्या टोळ्यांवर जरब हवी, यात वाद नाही. पण तेच कलम विमानतळावरच्या प्रवाशालाही लागते. वडिलांची किंवा काकांची जुनी बॅग घाईत उचललेली असते, बाजूच्या कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलेले असते, ते क्ष-किरण यंत्रात दिसते. बंदूक नाही, हेतू नाही, पण गुन्हा दाखल होतो. विमान तर सुटतेच, नंतर नोकरीच्या पडताळणीत तो गुन्हा दिसत राहतो.

दिल्लीसह अनेक उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत. आधार एकच : आपल्याकडे काडतूस आहे हे माहीतच नसेल, तर तो कायद्याच्या अर्थाने ताबा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात हे तत्त्व मांडले. २०१९ मध्ये शिक्षा वाढवताना ते कलमात लिहून घेणे सहज शक्य होते. ते झाले नाही. म्हणून आजही अशा प्रवाशाला वकील करून, पदरचे पैसे घालून उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.