लिव्हर अडकला, आवाज येतोय? ट्रान्स्फर केस उघडण्याआधी हे वाचा

पाऊस सुरू झाला की आमच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची रांग लागते. कुणाची थार दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतल्या काळ्या मातीतून ओढून काढलेली, कुणाची जिप्सी त्र्यंबकच्या पलीकडे ओढ्यातून गेलेली. येणारा गाडी लावायच्या आधीच सांगतो, "ट्रान्स्फर केस गेली, खोलून टाका." आमचं म्हणणं, एवढी घाई नको. केस उतरवणं मोठं काम आहे आणि दोष बऱ्याचदा केसच्या बाहेरच निघतो.

गिअरबॉक्सकडून आलेली ताकद ही केस पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यांना देते. टू-एचमध्ये फक्त मागची चाकं ओढतात, फोर-एचमध्ये चारही. फोर-एलमध्येही चारही ओढतात, पण वेग कमी आणि ओढ जास्त.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे लिव्हर फोर-एचमध्ये अडकणं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. थार, जिप्सी, जिमनी यांसारख्या गाड्यांत हा फरक सोसायला मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतं. चिखलात चाक घसरून फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर तसं होत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी धरल्यासारखी अडते, लिव्हर हलेनासा होतो. हा बिघाड नव्हे. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटेल आणि लिव्हर सहज येईल. लिव्हरवर जोर लावून तो वाकवणारे दरवर्षी येतात, त्यांचं बिल मात्र खरं असतं. सरळ रस्त्यावरही असंच होत असेल तर टायर बघा. दोनच नवे टाकलेत का? हवा सारखी आहे का? चाकांच्या घेरात थोडा फरक असला तरी पीळ भरतो.

आवाजाचं निदान घरीही बरंच होतं. मोकळ्या कच्च्या रस्त्यावर आधी टू-एचमध्ये, मग फोर-एचमध्ये सारख्या वेगाने चालवा. आवाज फक्त फोर-एचमध्ये येत असेल तर संशय पुढच्या शाफ्टवर, पुढच्या डिफरन्शियलवर किंवा केसमधल्या चेनवर. जोर दिला की आतून कडकड असे फटके बसत असतील तर चेन ढिली होऊन दात सोडत असण्याची शक्यता मोठी, अशी गाडी फोर-व्हीलमध्ये चालवू नका. दोन्ही मोडमध्ये सारखीच घरघर असेल तर व्हील बेअरिंग, टायर किंवा मागच्या बाजूचं बेअरिंग. आणि गाडी सुटताना एकदाच "ठक्" वाजत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) हाताने हलवून बघायला सांगा. केसच्या तुलनेत तो किरकोळ खर्च.

ओढ लागली की फोर-एल निसटून न्यूट्रलला येणं ही मात्र गंभीर बाब. उतारावर इंजिनाचा ब्रेक क्षणात जातो. आम्ही आधी लिव्हरची जोडणी आणि माउंटिंगचे रबर तपासतो. तिथे सगळं ठीक असेल तरच आतला शिफ्ट फोर्क आणि स्लीव्ह, म्हणजे मोड बदलताना सरकणारे भाग बघायचे, आणि त्यासाठी केस खरंच उघडावी लागते. जाता जाता, ट्रान्स्फर न्यूट्रलला असेल तर गाडी गिअरमध्ये टाकूनही उतारावर थांबत नाही. हँडब्रेक लावाच.

पाण्यातून गाडी नेली असेल तर ऑइल बघणं टाळू नका. गाडी सपाट जागी लावून आधी भरायचा बोल्ट ढिला करा, मगच खालचा. खालचा आधी काढून ऑइल सोडलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकते. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ताबडतोब बदला. बोल्टच्या चुंबकावर करडा बारीक चिखल असणं सामान्य, पण नखाला लागणारे धातूचे तुकडे नाहीत. सीलमधून ऑइल गळत असेल तर नवं सील टाकण्याआधी ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारी वाट) साफ आहे का ते विचारा. तो मातीने बंद झाला की आतला दाब सील ढकलतो आणि नवं सीलही पुन्हा गळतं.

डॅशवरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा वायर, स्विच किंवा व्हॅक्यूमच्या नळीत असतो. जिमनीचे पुढचे हब, म्हणजे पुढची चाकं ड्राइव्हला जोडणारे भाग, व्हॅक्यूमवर चालतात. नळी चिरली की दिवा विझत नाही आणि पुढची चाकंही धरत नाहीत.

गाडी आणाल तेव्हा एवढं सांगा: त्रास कोणत्या मोडमध्ये, सरळ चालताना की वळताना, गाडी पाण्यात गेली होती का, टायर कधी बदलले. शक्य असेल तर आवाज मोबाइलवर टेप करून आणा. काढलेला जुना भाग आम्ही डिकीत ठेवतो. नको असेल तर आधी कळवा.