कांड्यांची रांग मोडायची नसते

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला, ऑटिझम (स्वमग्नता) असलेला चार वर्षांचा एक मुलगा मला ठाऊक आहे. माग चालू असताना तो गाढ झोपतो, पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपरा गाठतो. रोजचा, एका ठेक्यातला आवाज त्याला चालतो; अचानक आलेला नाही. त्याचं खेळणं म्हणजे सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या. उंबऱ्यापासून पलंगापर्यंत सरळ रांग.

प्ले थेरपीच्या, म्हणजे खेळातून करायच्या उपचाराच्या, पहिल्या दिवशी थेरपिस्ट मॅडमनी काहीच 'शिकवलं' नाही. फरशीवर बसल्या, एक कांडी उचलून रांगेच्या टोकाला लावली. त्यानं ती काढून फेकली. दुसरी लावली, ती त्यानं नीट सरळ केली. चार-पाचदा असं झाल्यावर त्यांनी पुढची कांडी हातातच धरून ठेवली. मुलानं कांडीकडे पाहिलं, मग क्षणभर त्यांच्या तोंडाकडे, मग परत कांडीकडे.

"असं तर घरी बी खेळतंय की ते, मॅडम," आई म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. पण सगळा खटाटोप त्या एका नजरेसाठी होता.

वर्षाच्या आसपासचं बाळ कावळा दिसला की बोट दाखवतं आणि वळून आईकडे बघतं. तिनंही तो बघितला ना, याची खात्री करून घेतं. याला सामायिक लक्ष म्हणतात. बोलणं बरंचसं यावरच उभं राहतं. आई 'कावळा' म्हणताना कशाकडे बघतेय हेच कळलं नाही, तर तो शब्द चिकटायचा कशाला? ऑटिझममध्ये हे कौशल्य बहुधा उशिरा येतं किंवा कमी दिसतं. म्हणून मुलाचं लक्ष आपल्याकडे ओढण्याआधी ते जिथे आहे तिथे आपण जायचं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझम असलेल्या 11 मुलांची वर्णनं छापली, त्यातही सगळं आहे तसंच राहावं हा हट्ट ठळक होता. रांग मोडून 'नीट खेळ' म्हणणं म्हणजे दार आपणच लावून घेणं.

बालमनोविकारतज्ज्ञ स्टॅन्ली ग्रीनस्पॅन यांच्या पद्धतीचं तर नावच 'फ्लोअरटाइम', म्हणजे फरशीवरचा वेळ. मुलानं काही केलं, आपण त्याला जोडून काही केलं, त्यावर त्यानं पुन्हा काही केलं, की संवादाचं एक वर्तुळ पुरं होतं. मागावरचा धोटा जाऊन परत येतो तसं.

याचा उपयोग किती? आपल्याजवळचा दाखला गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचा आहे. तिथल्या ऑटिझम असलेल्या 65 मुलांवरचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांचं मुलाशी खेळतानाचं चित्रण त्यांनाच दाखवलं आणि मुलाच्या कलानं कसं प्रतिसाद द्यायचा ते समजावलं. पालकांचा सूर जुळला आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. गंमत म्हणजे, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र घटला. असे वाकडे निकाल लपवले नाहीत, म्हणूनच मला हा अभ्यास भरवशाचा वाटतो. 'तीन महिन्यांत ऑटिझम बरा' अशी पाटी दिसली, तर चपला न काढताच परत फिरावं. ऑटिझम पुसून टाकणं हा या खेळाचा हेतूच नाही.

सोलापुरात आणखी एक सल्ला सर्रास मिळतो: घरात एकच भाषा बोला. इथे घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. पण दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी लांबतं, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट, आईला जी भाषा परकी तिच्यात ती खेळणार कशी?

या आईलाही कुणीतरी मराठीतच बोलायला सांगितलं होतं. मॅडमनी ते सोडायला लावलं. आता ती रोज दुपारी फरशीवर बसते, एकेक कांडी लावत मोजते, "ओकटि, रेंडु, मूडु..." आणि चौथी हातात धरून गप्प राहते. परवा त्यानं तिचं मनगट धरून रांगेकडे ओढलं. तोंडातून शब्द नाही. मॅडमनी वहीत लिहिलं: वर्तुळ एक.