वसुली कोणाच्या हातात? मेसेजिंग ॲपमधल्या कमाईची पार्श्वभूमी

दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या घरगुती फराळाच्या ऑर्डरी आता बहुतेक व्हॉट्सॲपवरच घेतल्या जातात. चकली किती किलो, अनारसे किती, डबा कोणत्या दिवशी पोचवायचा, सगळं मेसेजमध्ये. ऑर्डरी वाढल्या की वही पुरत नाही, आणि मग ओळखीतला एखादा इंजिनिअर मुलगा किंवा मुलगी ऑर्डर घेणारा बॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, करून देते. विजयनगर-पलासिया भागात अशी कामं घेणारी दोन-चार माणसांची छोटी ऑफिसं आहेत. बॉट तयार होतो, लोक वापरायलाही लागतात. मग प्रश्न येतो तो मिळकतीचा. बॉट चालतोय, पण तो करणाऱ्याच्या हाती काय आणि कशातून येणार?

हा प्रश्न पंचवीस वर्षांहून जुना आहे. जपान, कोरिया, चीन या देशांनी त्याची आपापली उत्तरं काढली. त्यांतलं एकही आपल्याकडे जसंच्या तसं रुजलं नाही. तंत्रज्ञान सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच होतं. फरक होता तो गिऱ्हाइकाकडून पैसे कोण वसूल करतो याचा. त्या एका धाग्याने हा सगळा इतिहास नीट उलगडतो, असं मला वाटतं.

फोनच्या बिलातून

फेब्रुवारी १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने ‘आय-मोड’ सेवा सुरू केली. साध्या मोबाइलवर बातम्या, हवामान, चित्रं, खेळ. सेवा पुरवणारे बाहेरचे, पण पैसे ग्राहकाच्या फोनच्या बिलातून वसूल व्हायचे. डोकोमो त्यातले ९ टक्के ठेवून बाकीची रक्कम सेवा पुरवणाऱ्याला द्यायची. आपल्या छावणीच्या धान्यमंडीतला अडत्या जसा गिऱ्हाईक आणतो, वसुली करतो आणि अडत कापून मालकाला पैसे देतो, तसाच हा व्यवहार होता. अडत इतकी कमी होती की हजारो लहान कंपन्या त्यावर उभ्या राहिल्या.

भारतातही वसुली फोनच्या बिलातून किंवा प्रीपेड बॅलन्समधूनच व्हायची, पण वाटणी उलटी होती. चार-पाच आकडी नंबरवर एसएमएस पाठवायचा आणि नेहमीच्या दराच्या कितीतरी पट पैसे मोजायचे. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या मतदानाने हे घराघरांत पोचवलं. मागोमाग कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, रोजचं राशिभविष्य, विनोद. या मिळकतीतला मोठा वाटा मोबाइल कंपन्या स्वतःकडे ठेवत आणि मजकूर तयार करणाऱ्याला उरलंसुरलं मिळे. त्यातून काही मंडळींनी ग्राहकाला न विचारताच सेवा सुरू करण्याची वाईट खोड लावून घेतली. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने आधी २०११ मध्ये आणि मग २०१३ मध्ये आदेश काढले. ग्राहकाने दुसऱ्यांदा होकार दिल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत, असं ठरलं. हे फार आधी व्हायला हवं होतं. ज्या कमाईचा पाया ग्राहकाच्या बेसावधपणावर होता, ती या नियमानंतर आटत गेली आणि तिच्याबरोबर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या लहान कंपन्याही गेल्या.

२००७ मध्ये सुरू झालेल्या ‘एसएमएस गपशप’ची गोष्टही याच काळातली. एकाने लिहिलेला एसएमएस त्याच्या गटातल्या सगळ्यांना फुकट पोचायचा. लोक तुटून पडले. पण प्रत्येक एसएमएसचे पैसे कंपनीला मोबाइल कंपन्यांकडे भरावे लागत; वापर वाढला की खर्च वाढे, उत्पन्न नाही. शेवटी कंपनीने सामान्य माणसाचा नाद सोडला आणि कंपन्यांचे मेसेज पोचवण्याचं काम धरलं. आज ‘गपशप’ हे नाव व्हॉट्सॲपवर व्यवसायांना जोडून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत घेतलं जातं. भारतातल्या पुढच्या सगळ्या वाटचालीची दिशा या बदलात आधीच दिसते.

इंदूरचा एसएमएस

इथे आपल्या शहराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मेसेज विकून पैसे मिळवण्याचा एक मोठा प्रयोग इंदूरमध्येच झाला आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

साधारण २०१० च्या आगेमागे शहरात शेअर आणि कमोडिटी बाजाराच्या ‘टिप्स’ विकणाऱ्या फर्म उभ्या राहिल्या. दोन-तीन दिवस फुकट टिप्सचे एसएमएस, मग फोन, मग महिन्याची किंवा तिमाहीची वर्गणी. टिप मेसेजने जायची, पण वर्गणी थेट फर्मच्या बँक खात्यात यायची. मोबाइल कंपनीला मिळायचे ते फक्त एसएमएसचे पैसे, वर्गणीचा रुपयान् रुपया फर्मचा. वसुली स्वतःच्या हातात ठेवली की मिळकत किती वाढते, हे या धंद्याने दाखवून दिलं. नुकत्याच पदवीधर झालेल्या शेकडो मुलामुलींना त्यात फोनवर बोलायच्या नोकऱ्या लागल्या. त्यांत मराठी घरांतलीही मुलं होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियमावली आणली आणि नंतरच्या वर्षांत इंदूरमधल्या कितीतरी फर्मवर बंदीचे, पैसे परत करण्याचे आदेश काढले. हमखास नफ्याची आश्वासनं आणि एकाच गिऱ्हाइकाला एकामागून एक महागडी पॅकेजं, हे त्यांतले नेहमीचे आरोप. निवृत्तीचे पैसे गमावलेल्या माणसांच्या तक्रारी देशभरातून आल्या आणि शहराचं नाव त्यांच्याशी जोडलं गेलं. आजही टेलिग्रामवर टिप्सचे ‘व्हीआयपी’ गट विकले जातात, तेव्हा तीच जुनी पद्धत नव्या जागी चालू असते. म्हणूनच मेसेजमधून कमाईचा विषय निघाला की इंदूरच्या माणसाने तंत्राच्या बरोबरीने नियमही वाचावेत, असं मी आग्रहाने सांगतो.

स्टिकर, खेळ आणि पाकिटं

मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये जून महिन्यात ‘लाइन’ हे मेसेजिंग ॲप सुरू झालं. त्याच वर्षी त्यात स्टिकर आले आणि लोक चित्रांसाठी आनंदाने पैसे द्यायला लागले. २०१४ मध्ये लाइनने कोणालाही आपले स्टिकर काढून विकायची मुभा दिली. सुरुवातीला विक्रीतला निम्मा वाटा चित्रकाराला मिळे. घरबसल्या चित्र काढणाऱ्यांनी त्यावर खरोखर संसार चालवले.

कोरियात काकाओटॉक या मेसेजिंग ॲपने जुलै २०१२ मध्ये खेळ आणले. ‘अनीपँग’ या खेळात जीव संपले की मित्राकडे बदाम (पत्त्यांतलं लाल हृदयाचं चिन्ह) मागायचा. सारा देश एकमेकांना बदाम पाठवत होता. पैशांची वाटणी मात्र बोलकी आहे. १०० रुपयांची खरेदी झाली तर ३० ॲप स्टोअरचे, उरलेल्या ७० मधले २१ काकाओचे, आणि खेळ बनवणाऱ्याला ४९. अडत आता दोन ठिकाणी कापली जायला लागली होती.

चीनच्या वीचॅटने ॲप स्टोअरची अडत जवळजवळ टाळली, तीही वसुलीचं साधन स्वतः उभारून. २०१२ मध्ये व्यवसायांची अधिकृत खाती, २०१३ मध्ये पैसे देण्याची सोय, २०१४ च्या चिनी नववर्षाला नातेवाइकांना आहेराची लाल पाकिटं. त्या पाकिटांमुळे कोट्यवधी लोकांनी आपलं बँक खातं वीचॅटला जोडलं. मग ९ जानेवारी २०१७ ला ‘मिनी प्रोग्रॅम’ आले : वेगळं डाऊनलोड न करता वीचॅटच्याच आत उघडणारी छोटी ॲप. भाजी विकणाऱ्यापासून विमानतिकिटापर्यंत सगळे तिथे आले. व्यापाऱ्याकडून पैशांच्या व्यवहारावर घेतलं जाणारं शुल्क साधारण ०.६ टक्के. ॲप बनवणाऱ्याला मालाची विक्री, जाहिरातीतला वाटा आणि खेळातल्या वस्तू अशा तीन वाटा खुल्या झाल्या.

तिसऱ्या वाटेवर ॲपल आडवं आलं. आयफोनवर डिजिटल वस्तू विकायची तर पैसे ॲपलच्या मार्गानेच जायला हवेत, हा त्यांचा नियम. एप्रिल २०१७ मध्ये तर वीचॅटवरच्या लेखकांना वाचक खुशीने जे पैसे देत, तेही आयफोनवर बंद करावे लागले. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲपलने मिनी ॲपसाठी कपात १५ टक्क्यांवर आणणारी योजना जाहीर केली. खऱ्या वस्तूंना, म्हणजे चकलीला किंवा साडीला, हा नियम लागू नाही. आपल्याकडच्या विषयासाठी हा भेद फार महत्त्वाचा आहे.

फेसबुक मेसेंजरने २०१६ मध्ये बॉट आणि खेळ दोन्ही आणले. गाजावाजा पुष्कळ झाला, लहान विकसकाच्या हाती टिकाऊ असं थोडंच लागलं.

भारतात हे का जमलं नाही

प्रयत्न झाला नाही असं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘हाइक’ने भारतीय भाषांतले स्टिकर दिले, २०१७ मध्ये स्वतःचं वॉलेट आणलं, वीचॅटसारखं सगळं एकाच ठिकाणी उभं करायचा ध्यास घेतला. जानेवारी २०२१ मध्ये मेसेंजर बंद झालं. कंपनी नंतर पैशांच्या खेळांकडे वळली आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर तीही वाट मिटली. वीचॅटवर भारत सरकारने २९ जून २०२० लाच बंदी घातली होती.

राहिलं व्हॉट्सॲप. तिथे स्टिकर २०१८ मध्ये आले तेच फुकट, त्यामुळे लाइनसारखी चित्रकाराची बाजारपेठ तयार झालीच नाही. व्हॉट्सॲपने स्वतःची वर्षाची वर्गणीसुद्धा जानेवारी २०१६ मध्ये सोडून दिली होती.

पण खरं कारण यूपीआय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून घ्यायचं शुल्क शून्य झालं. व्हॉट्सॲपला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यूपीआयची परवानगी मिळाली, तीही सुरुवातीला मर्यादित वापरकर्त्यांसाठी. ती मर्यादा पूर्ण उठायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. वीचॅटला जो ०.६ टक्का मिळाला, तो इथे कोणालाच मिळणार नव्हता. फराळवाल्या काकूंना पाचशेच्या पाचशे रुपये मिळतात, ही त्यांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे! बॉट करणाऱ्याला मात्र व्यवहारातून वाटा मागायला जागा उरत नाही. त्याला आपल्या कामाचे पैसे सरळ व्यापाऱ्याकडेच मागावे लागतात.

टेलिग्रामचा अनुभव वेगळा. जून २०१५ मध्ये बॉट, मे २०१७ मध्ये बॉटमधून पैसे घेण्याची सोय, तीही स्वतः काही न कापता. २०२२ मध्ये बॉटच्या आत छोट्या ॲपसारखे पूर्ण स्क्रीन उघडायला लागले. मार्च २०२४ पासून चॅनलवरच्या जाहिरातीचा निम्मा वाटा चॅनलमालकाला मिळू लागला आणि जून २०२४ मध्ये ‘स्टार्स’ हे चलन आलं. डिजिटल वस्तू आता याच चलनात विकायच्या. ॲपल-गूगलची कपात त्यात आलीच. मिळालेले स्टार्स २१ दिवस अडकून राहतात आणि काढायचे तर टोनकॉइन या क्रिप्टो चलनात. आपल्याकडे अशा आभासी संपत्तीच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर व्यवहारावर १ टक्का टीडीएस. २०२४ मध्येच ‘हॅमस्टर कॉम्बॅट’सारख्या टेलिग्रामवरच्या खेळांत जगभर कोट्यवधी लोक स्क्रीनवर बोटं आपटत होते, सप्टेंबरमध्ये त्याचं टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणं, बाजारात आलं आणि भाव घसरला. खेळणाऱ्यांच्या वाट्याला फार थोडं आलं.

मेसेजचा दर

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने मोठ्या व्यवसायांसाठी एपीआय, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपला जोडायची सोय, खुलं केलं. ग्राहकाला २४ तासांत उत्तर दिलं तर फुकट, नंतर मेसेज पाठवला तर पैसे. म्हणजे वसुली पुन्हा मेसेजवर आली, फक्त गिऱ्हाइकाऐवजी दुकानदाराकडून. सुरुवातीला हे एपीआय ठरावीक मध्यस्थ कंपन्यांकडूनच घ्यावं लागे, म्हणून इंदूरच्या लहान ऑफिसांना त्यात शिरकाव नव्हता. मे २०२२ मध्ये मेटाने (व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीने) क्लाउड एपीआय सगळ्यांना दिलं आणि चित्र पालटलं. मध्यस्थाशिवाय थेट जोडणी शक्य झाली. भंवरकुआच्या कोचिंगवाल्यांना फीची आठवण, नमकीनवाल्यांना ऑर्डरची पावती, डॉक्टरांना अपॉइंटमेंट अशी कामं शहरातच होऊ लागली.

मिळकतीचे प्रकार त्यातूनच ठरले : बॉट उभा करण्याची एकरकमी फी, महिन्याची देखभाल, आणि मेसेजच्या दरावर थोडी भर. यांतला तिसरा प्रकार सगळ्यांत बेभरवशाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये दर संभाषणावर लागला, २०२३ मध्ये संभाषणांचे प्रकार पाडून वेगळे दर आले, नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहकाने सुरू केलेल्या संभाषणातली उत्तरं फुकट झाली आणि १ जुलै २०२५ पासून एकेका मेसेजवर आकारणी सुरू झाली. २०२५ मध्ये जाहिरातवजा मेसेजला पाऊण रुपयाच्या आसपास पडत, पावती-आठवणीसारख्या मेसेजला त्याहून कितीतरी कमी. महिन्याच्या ठरलेल्या रकमेत ‘सगळे मेसेज आले’ असा करार ज्यांनी केला, त्यांचं गणित प्रत्येक बदलात कोलमडू शकतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने आणखी एक नियम जाहीर केला : कोणत्याही विषयावर बोलणारे सर्वसाधारण एआय बॉट १५ जानेवारी २०२६ पासून चालणार नाहीत, व्यवसायाच्या ग्राहकांना उत्तरं देणारे चालतील.

त्यामुळे जाणकार मंडळी मेसेजचं बिल व्यापाऱ्याच्याच कार्डावरून थेट मेटाला भरायला लावतात आणि आपली फी वेगळी मांडतात. दर वाढला तर तो व्यापाऱ्याला दिसतो आणि बॉट करणाऱ्याची मजुरी शाबूत राहते. फराळासारख्या हंगामी धंद्यात देखभालीची फी बारा महिन्यांची न घेता गणपती ते दिवाळी एवढीच ठेवली, तर ती घरगुती उद्योगालाही झेपते आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक पुन्हा येण्याची शक्यता वाढते.