सुपातल्यांची धास्ती: वारंवारच्या नोकरकपातीची पार्श्वभूमी

‘ले-ऑफ’ म्हणजे आज थेट नोकरी जाणं, पण या शब्दाचा अर्थ पूर्वी एवढा कठोर नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत मागणी घटली की कामगार घरी बसत आणि मागणी वाढली की सेवाज्येष्ठतेनुसार त्यांना परत बोलावलं जाई. काम थांबे, पण नातं तुटत नसे. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत तर भरवसा आणखी पक्का होता: काम नीट करा, कंपनी सांभाळून घेईल. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. संशोधक डेनिस रूसो यांनी १९८९ मध्ये अशा अलिखित समजुतीची ‘मानसशास्त्रीय करार’ म्हणून नीट मांडणी केली, तोवर तो करार मोडायला सुरुवात झाली होती.

जॅक वेल्च १९८१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या बड्या अमेरिकी उद्योगाचे प्रमुख झाले. १९८० साली तिथे सुमारे ४ लाख ११ हजार माणसं होती, १९८५ अखेर २ लाख ९९ हजार उरली. काही विभाग विकले गेले, बाकीच्यांना नारळ मिळाला. कंपनी तोट्यात नव्हती, आणि माझ्या मते खरं वळण हेच. कपात हा शेवटचा उपाय राहिला नाही, कारभाराची एक रीत झाली.

आयबीएम या संगणक कंपनीचा घाव वेगळा. १९३० च्या महामंदीतही माणसं राखणारी कंपनी अशी तिची ख्याती. आधी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, मग जुलै १९९३ मध्ये ३५ हजार जागा कमी करण्याची घोषणा झाली. तोटा प्रचंड होता, हे खरंच. पण जिथे शब्दावर सर्वाधिक विश्वास होता, तिथेच तो मोडला. १९९६ च्या सुरुवातीला एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने ४० हजार जागांच्या कपातीचा आकडा जाहीर केला.

याच काळात अभ्यासकांचं लक्ष मागे राहिलेल्यांकडे वळलं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, असं आपण म्हणतो. इथे सुपातलेही हसत नाहीत. सहकारी गेला आणि आपण राहिलो, याची टोचणी असते, वर त्याचं कामही अंगावर पडतं. जोएल ब्रॉकनर यांच्या संशोधनातून दिसलं की गेलेल्यांना कसं वागवलं, त्यावरून राहिलेले कंपनीला जोखतात. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग यांच्या २००८ च्या अभ्यासानुसार १ टक्का कपातीनंतर स्वतःहून सोडून जाण्याचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी वाढतं. अशा वेळी आधी बाहेर पडतात ते सहज दुसरीकडे नोकरी मिळू शकणारे.

एका कपातीचं कारण माणूस समजून घेतो. दुसरी आली की पहिल्या वेळचं स्पष्टीकरणच खोटं वाटू लागतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने ११ हजार जणांना काढलं आणि तिचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी झालेल्या चुकीची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्या वर्षी कंपनीचा नफा २३०० कोटी डॉलरहून जास्त होता. चारच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, आणखी १० हजार जागा जाणार असं जाहीर झालं. तांत्रिक विभागांचा निर्णय एप्रिलअखेर, व्यवसाय विभागांचा मेअखेर. तोवर हजारो माणसं, आपलं नाव यादीत आहे की नाही हे न कळता, रोज कामावर येत राहिली.